धोतर आश्रुबाचं, धुणं गीताबाईचं

चकलांब्यात कुणाच्या घरी लेकरू जन्माला आलं, की पहिला निरोप सुईणीला जायचा आणि दुसरा आश्रुबाला. सुईण कधीमधी परगावी गेलेली असायची. आश्रुबाचं धोतर मात्र कायम हजर. बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते वापरून वापरून मऊ झालेल्या जुन्या धोतराचं, आणि तेही भरपूर आयुष्य बघितलेल्या माणसाच्या धोतराचं, अशी गावाची पक्की समजूत होती. कोरं कापड लेकराला लावायचं नाही. आणि आयुष्याच्या बाबतीत चौऱ्याऐंशी वर्षांचा आश्रुबा म्हणजे खणखणीत नाणं. ऊस सोलून खाण्याइतके दात शाबूत, पाचही लेकरं जिवंत, आणि जन्मात एकदाही सुई टोचून घेतलेली नाही. हे तो कुणी न विचारता सांगायचा. अशा माणसाच्या धोतराची लंगोटं बांधली की त्याच्या वयातलं थोडं लेकराला लागतं म्हणे. निम्मं गाव त्याच्या धोतरात हगून-मुतून मोठं झालं होतं.

आता धोतर आश्रुबाचं, हे सगळ्यांना ठाऊक. ते मऊ कुणी केलं, हे कुणी विचारलं नाही.

ते काम त्याच्या थोरल्या सुनेचं, गीताबाईचं. सोळाव्या वर्षी ती या घरात आली, तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात तिला धोतर कसं धुवायचं ते शिकवलं. रिठ्याच्या पाण्यात भिजवायचं. दगडावर आपटायचं नाही, सूत तुटतं. पिळायचं तर अजिबात नाही. ज्या कापडाची लंगोटं व्हायची ते पिळलं तर लेकराच्या पोटात पिळा पडतो. तळहातांनी दाबून दाबून पाणी काढायचं आणि सावलीत वाळत घालायचं. नवं धोतर असं रोज धुतलं की दोन वर्षांनी कुठं लंगोटाच्या लायकीचं होतं. मग कुणीतरी येऊन ते मागून न्यायचं, त्याच्या बदल्यात रीतीप्रमाणे हळदीकुंकू लावलेलं नवंकोरं धोतर आणि नारळ ठेवून जायचं, आणि गीताबाई पुन्हा पहिल्यापासून खळ काढायला बसायची. नारळ आश्रुबा फोडायचा.

नुसती धोतरं असती तरी भागलं असतं. पण खटल्याच्या घरात धुणं काही एकट्यानं येत नाही. दोन जावांची बाळंतपणं झाली, ती लंगोटं गीताबाईनं धुतली. स्वतःची चार झाली, तीही तिनंच. सासू तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा तिच्याखालच्या चिंध्यांच्या घड्यांवर घड्या दिवसातून सहा वेळा. नंतर जावा वेगळ्या निघाल्या, लेकरं मोठी होऊन पांगली, सासू गेली; धुणं तेवढं गीताबाईजवळ राहिलं. हापशावर पहाटे तिची बादली आधी लागलेली असायची. सोड्यानं बोटांना भेगा पडायच्या, त्यांत ती निजताना मेण भरायची. नवऱ्याला, आसारामला, एकदा म्हणाली, "हात लई ठणकत्यात." तो भला माणूस. म्हणाला, "उद्या जरा कमी धू." जणू धुणं तिला विचारून येत होतं!

मग टेरिकॉट आलं. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला गेवराईची दुकानं कधी नव्हे इतकी चकचकीत झाली, आणि आश्रुबाकडं धोतर मागायला येणारे लोक बदल्यात टेरिकॉटचं धोतर आणू लागले. महाग, मऊशार, बगळ्यासारखं पांढरं. म्हातारा एकदम खूश. आणि गीताबाई त्याच्याहून खूश. एकदा पाण्यातून काढलं, झटकलं, की झालं! ना रिठा, ना दाबादाबी; घटकाभरात वाळून तयार. तिला वाटलं, चला, उशिरा का होईना, देवानं एक धुणं हलकं केलं. म्हातारा रोज टेरिकॉट नेसायचा. जुनी सुती धोतरं पेटीत पडून असायची आणि एकेक करून गावाच्या बाळांना जायची. पेटीत नवं सुती येत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण थकलेलं माणूस जे बघायचं नसतं ते बघत नाही.

सत्त्याण्णव साली दिवाळीला पेटीत दोन सुती धोतरं उरली होती, आणि चौसाळ्याहून रोहिणीचा निरोप आला.

रोहिणी गीताबाईची एकुलती लेक. तिला चौसाळ्याला हमरस्त्यावरच्या दुकानदाराच्या घरी दिलेलं. पहिलं सहाव्या महिन्यातच गेलं. दुसरं बाळंतपण सासरी झालं. सासूनं हौसेनं दुकानातली नवी, आतून प्लॅस्टिक लावलेली लंगोटं आणली. मुलगा होता. नवव्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयच कमजोर होतं. पण रोहिणीच्या डोक्यात एकच बसलं, की आपण लेकराला कोरं कापड लावलं. आता तिसऱ्यांदा दिवस होते. तिनं येणाऱ्याजवळ सांगून पाठवलं, "मायला म्हणावं, आबाचं धोतर ठिवून दे. दुसरं कायबी लावायची न्हाई मी ह्या बारीला."

गीताबाईनं दोन्ही धोतरं पुन्हा एकदा धुतली, कडुनिंबाचा पाला घालून पेटीच्या तळाशी ठेवली आणि वर आपलं लग्नातलं लुगडं टाकलं. आयुष्य-बियुष्य लागतं यावर तिचा स्वतःचा फारसा विश्वास नव्हता. तीस वर्षं धोतर धुणाऱ्या बाईचा तसा बसणंही अवघड. पण लेकीचा होता, आणि राहिलेले महिने पोरीनं भीतीशिवाय काढावेत एवढंच तिला हवं होतं.

कार्तिकात ती कापूस वेचायला रानात गेलेली असताना दारात जीप आली. अर्जुनराव म्हणजे त्या भागातले मोठे पुढारी. त्यांच्या पुण्यातल्या सुनेला मुलगा झालेला, आणि अर्जुनरावांच्या बायको, विजयमालाबाई, स्वतः आश्रुबाच्या ओसरीवर येऊन बसल्या. म्हाताऱ्याची छाती फुगली. त्यानं पेटी उघडली, लुगडं बाजूला सारलं आणि दोन्ही धोतरं काढून दिली.

गीताबाई संध्याकाळी ओटीत कापूस घेऊन आली तो कोनाड्यात टेरिकॉटची नवी जोडी, हळदीकुंकू लावून. तिला काही विचारावं लागलं नाही.

"मामा," सासऱ्याला ती मामा म्हणायची, "ती रोहिणीसाठी ठिवलती."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"लुगड्याखाली ठिवलती म्या. लुगडं कावून उचललं?"

आश्रुबा गोंधळला. मग खाली बघत म्हणाला, "दारात मागाया आलेल्याला न्हाई म्हणलं तर आयुष्य तुटतंय, बाई. माह्या बापानं सांगितलंय मला."

तेव्हा गीताबाईला कळलं, की हा उदार माणूस तीस वर्षं भीतीनं धोतरं वाटत आला होता. त्याच्यावर रागवावं तर तो चौऱ्याऐंशीचा, आणि मरणाला घाबरलेला. ती चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवशी लाज गिळून ती अर्जुनरावांच्या घरी गेली. विजयमालाबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी तिला आत बसवलं, चहा दिला आणि ऐकून कपाळाला हात लावला.

"अगं बाई, कालच फाडलं की मी! बघ, चोवीस लंगोटं झाली. आश्रुबा कायच बोलले न्हाईत गं."

खाटेवर लंगोटांची चळत होती. गीताबाईनं लांबूनच बघितली. आपल्या हातचं कापड तिला लांबूनही ओळखू यायचं. एक मागून चाललं नसतं, आणि सगळी मागायला तोंड नव्हतं.

विजयमालाबाईंनी कपाटातून एक गुळगुळीत पुडकं काढलं. "हे घिऊन जा रोहिणीला. सुनेनं पुण्याहून आणलेत. एकदा बांधायचं अन् फेकून द्यायचं."

"फेकून द्यायचं? धुवायचं न्हाई?"

"न्हाई गं. धुवायचंच न्हाई."

गीताबाई ते पुडकं हातात धरून उभी राहिली. धुवायचंच नाही! कुणीतरी कुठंतरी बसून असंही काही काढलं होतं, आणि तिचा अर्धा जन्म धुण्यात गेल्यावर ते जीपमधून चकलांब्यात पोचलं होतं. तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

"मंग धोतर कावून नेलं, बाईसाहेब?"

विजयमालाबाई जरा अवघडल्या. "बारा दिवस तरी आश्रुबाचं लागावं म्हणलं. आयुष्यासाठी. पुढं काय, ही हायतच."

पुडक्यात दहा होती. तान्ह्या लेकराला दहा म्हणजे एक दिवस. गीताबाईनं ते खाटेवर ठेवलं, चहाचा कप विसळून पालथा घातला आणि निघाली. वाटेत तिला स्वतःचाच राग आला. अर्जुनरावांच्या घराचा नाही, म्हाताऱ्याचाही नाही. टेरिकॉट बघून आपण हरखलो, त्याचा.

आठवडी बाजारात तिनं चार दुकानं पालथी घातली. सुती धोतर नव्हतं. कापडवाला म्हणाला, "बाई, सुती आता म्हातारेबी नेसत न्हाईत. मांजरपाट हाय, बगा. गादीच्या अस्तराला नेत्यात." मांजरपाट म्हणजे सगळ्यात स्वस्त, जाडंभरडं, पिवळट कापड, खळ इतकी की उभं केलं तर उभं राहावं. तिनं ते गालाला लावून बघितलं. खरबरीत. तरी आत सूत होतं, पाणी शोषणारं खरं सूत. तिनं दोन धोतरांच्या मापाचं घेतलं.

आणि मग जे काम दोन वर्षांत व्हायचं, ते तिनं दोन-अडीच महिन्यांत करायला घेतलं. राखेच्या पाण्यात उकळलं. खळ निघेना, पुन्हा उकळलं. रोज पहाटे रिठ्याचं पाणी, रोज तळहातांनी दाबणं, रोज सावलीत वाळवणं, आणि वाळलं की पुन्हा ओलं करणं. पिवळटपणा जावा म्हणून किंचित नीळ. दिवसभर कापूस वेचून बोटांना बोंडांची टोकं लागलेली, त्यावर हे. खोटं बोलायचं तरी तिला धुणंच करावं लागलं.

एक गोष्ट मात्र तिला डाचत होती. कितीही मऊ केलं तरी ते कुणी अंगाला न लावलेलं, कोरंच. विश्वास नसला तरी लेकीचं लेकरू म्हटल्यावर माणूस सगळ्याला भितं. आसारामला ती म्हणाली, "तुमी नेसा हे चार दिवस." तो पायजम्याची नाडी धरून म्हणाला, "मला कुठं धोतर सावरतंय?" तेव्हा थंडीच्या दिवसांत तिनं ते चौघडी करून स्वतःच पांघरायला घेतलं. निदान माणसाचं अंग तरी लागू दे, म्हणाली.

आश्रुबाला गुपित सांगणं म्हणजे गावात दवंडी देणं. पण तेवढं देवानं निभावून नेलं. संक्रांतीच्या आधी धाकटा लेक येऊन म्हाताऱ्याला घाटनांदूरला आपल्या घरी घेऊन गेला. त्यानंतर चार दिवसांनी आठवा महिना घेऊन रोहिणी माहेरी आली. पायरी चढताच विचारलं, "माय, धोतर?"

"हाय की."

"बगू."

गीताबाईनं फाडून तिकोनी घड्या घातलेली लंगोटं दुरडीतून काढून दाखवली. रोहिणीनं एक उचललं, उलटसुलट केलं. "काठ कुठाय?"

"काठ लेकराला टोचतो. फाडून टाकला."

रोहिणीनं ते लंगोट छातीशी धरलं आणि पहिल्यांदा निवांत भिंतीला टेकून बसली. गीताबाई उठून आत गेली. लेकीच्या तोंडावरचा तो निवांतपणा तिला बघवेना.

फाल्गुनात रोहिणीला मुलगी झाली. काळीसावळी, लांब बोटांची. आता लंगोटांची खरी कसोटी आणि गीताबाईची खरी हजेरी सुरू झाली. तान्हं लेकरू दिवसाला वीस-पंचवीस लंगोटं भिजवतं, हे सांगायला बाळंतिणीची आई लागते. उन्हाळा तोंडावर, हापशाला तासभर हापसावं तेव्हा घागरभर पाणी; चैत्र लागला तसा टँकर आला, आणि टँकरपुढं रांग. आधी प्यायला, मग स्वयंपाकाला, मग बाळंतिणीच्या अंघोळीला, आणि उरलंसुरलं लंगोटांना. दिवेलागणीनंतर बाळाचं कापड बाहेर राहू द्यायचं नाही, म्हणून ओली लंगोटं घरात चुलीवरच्या दोरीवर. सगळ्या घराला मुताचा आणि धुराचा वास. गीताबाई बसल्या जागी पेंगायची. एकदा भाकरी थापता थापता डोळा लागला आणि भाकरी तव्यावर जळाली, तेव्हा आसारामनं हाक मारून उठवलं. जळालेली भाकरी त्यानं मुकाट्यानं खाल्ली, एवढं मात्र त्याच्या नावावर लिहायला हवं.

जन्माच्या पाचव्याच दिवशी लेकराच्या मांडीला लाली आली. मांजरपाट शेवटी मांजरपाटच. गीताबाई लालीवर खोबरेल लावत होती आणि मनात म्हणत होती, बाई, तुझी आजी लबाड हाय, पण तू त्याचा राग धरू नको. लाली दोन दिवसांत उतरली. मग नववा दिवस. त्या दिवशी रोहिणी जेवली नाही, लेकराच्या छातीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. गीताबाई दर घटकेला काही ना काही निमित्तानं आत डोकावत होती. लेकरू दिवसभर प्यालं, झोपलं आणि लंगोटांमागून लंगोटं भिजवत राहिलं. दहाव्या दिवशी उजाडल्यावर रोहिणी म्हणाली, "आबाचं आयुष्य लागलं, माय." गीताबाईनं "व्हय" म्हटलं. आणि लंगोटांची बादली उचलून ती बाहेर गेली.

सव्वा महिना झाला. न्हाणं झालं, सटवाईला नैवेद्य झाला, रोहिणी पहिल्यांदा खोलीबाहेर आली. पणतीला बघायला म्हणून आश्रुबा त्याच दिवशी घाटनांदूरहून परतला. ओसरीवर घोंगडं टाकून बसला, टेरिकॉटचं धोतर गुडघ्यापर्यंत सावरलं आणि हात पसरले. रोहिणीनं लेकरू त्याच्या मांडीवर ठेवलं.

म्हाताऱ्याला दिसत कमी, पण बोटांना डोळे होते. त्यानं लेकराचं डोकं चाचपलं, हाताची बोटं चाचपली, आणि मग लंगोटावर त्याचा अंगठा थांबला.

"हे कुणाचं धोतर गं?"

"तुमचंच की आबा," रोहिणी हसत म्हणाली.

"छ्या! माहं न्हाई. माहं धोतर मला कळत न्हाई व्हय? माही दोनच राहिलती. ती अर्जुनरावाच्या नातवाला दिली. विजयमालाबाई सोता आलत्या जीपमधी."

गीताबाई दारात लंगोटांची बादली घेऊन उभी होती. रोहिणीनं हळूच मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"खरं हाय का, माय?"

गीताबाईनं खाली बघत मान डोलावली.

"खोटं बोललीस तू मला? माह्या नऊ दिवसांच्या लेकरावर माती लोटली म्या, तुला ठाऊक हाय. तरी कोरं कापड लावलंस हिला? हिला काय झालं असतं म्हंजे?"

बादली गीताबाईच्या हातातून खाली आली. टाकली नाही तिनं; हातानंच सोडली.

"कोरं न्हाई ते," ती म्हणाली. "दोन महिने पांघरून निजले म्या. रोज धुतलं, रोज पांघरलं. काय करू सांग? पेटीतनं धोतर गेलं, बाजारात मिळंना. तू तिकडं पोटावर हात ठिवून बसलेली. तुला काय सांगू? लेकरू जगायचं न्हाई असं सांगू?" तिचा आवाज चढला, आणि तो चढलेला ऐकून तीच दचकली, पण थांबली नाही. "सारे म्हणत्यात आश्रुबाचं धोतर, आश्रुबाचं आयुष्य. मामा, राग धरू नका, पर तीस वर्सं ते धोतर म्या धुतलंय. ते तुमच्या वयानं मऊ झालं न्हाई. माह्या हातानं झालं. आन सुती संपलं ते बी माह्याच पायी. टेरिकॉट आलं तवा मला लई बरं वाटलं. धुवायला सोपं म्हणून म्या सुती आणाच म्हणलं न्हाई कुणाला. थकले व्हते गं. लई थकले व्हते. आजबी थकलेय."

आश्रुबा घाबरून एकदा सुनेकडं आणि एकदा नातीकडं तोंड वळवत होता. "म्या काय केलं?" तो पुटपुटला.

उत्तर दिलं ते लेकरानं. त्यानं लंगोट भिजवलं, चांगलं भरभरून. आणि टेरिकॉटला काही शोषता येत नसल्यामुळं ती धार म्हाताऱ्याच्या मांडीवरून सरळ घोंगड्यावर वाहून गेली. रोहिणीनं लेकरू उचललं. ओलं लंगोट सोडलं. तिला दुसरं लंगोट हवं होतं. भिंतीशी दोन गठ्ठे होते. एक दुरडीतल्या मांजरपाटाचा, आणि दुसरा चौसाळ्याच्या सासूनं बारशाला पाठवलेल्या, पिशवीतून न काढलेल्या नव्या फुलाफुलांच्या लंगोटांचा. नागडं लेकरू खांद्यावर घेऊन ती नुसती उभी राहिली. लेकरू पाय झाडत होतं. धडधाकट, चाळीस दिवसांचं.

मग ती खाली बसली. दुरडीतलं एक लंगोट काढलं, गालाला लावून बघितलं आणि लेकराला बांधलं. गाठ मारताना म्हणाली, "मंग तुहं आयुष्य लागू दे हिला."

"माहं?" गीताबाई भिंतीला टेकत म्हणाली. "माह्या आयुष्यात धुणं सोडून काय हाय? तिच्या वाट्याला कावून ते?"

रोहिणीनं लेकरू पुन्हा आश्रुबाच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि दारातली बादली उचलली. जड होती. दोन पावलांवर खाली ठेवून हात बदलला. आणि तेव्हा, रोज बादलीची कडी धरून मायच्या बोटांना पडलेल्या वळांकडं तिचं लक्ष गेलं असावं, कारण ती परत वळली.

"माय, तू पड जरा. ही मी धुते."

"आजच उठलीस तू. गार पाण्यात हात घालू नको."

"ऊन करून घेते. तू पड."

या घरात आल्यापासून गीताबाईला 'पड' असं कुणी म्हटलं नव्हतं. आजारपणातसुद्धा ती आपणहून पडली होती आणि आपणहून उठली होती. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, कुणी तरी 'राहू दे' म्हणेल म्हणून. कुणी म्हटलं नाही. मग ती आत बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि लेकीच्या रिकाम्या बाजेवर, भर दुपारी, सासरा ओसरीवर बसलेला असताना, आडवी झाली. बाजेला अजून दुधाचा आणि धुरीचा वास होता.

चारच्या सुमाराला आश्रुबानं सवयीनं हाक मारली, "गीता, च्या ठिव गं."

दाराजवळून रोहिणी म्हणाली, "हळू बोला, आबा. माय निजलीय."